पहिल्या बहराच्या कळ्या

१२ फेब्रुवारी

ती. दादा,

पाकिटावरचं अक्षर बघून तुम्ही कपाळाला आठ्या घातल्या असतील. आमच्या घरून तुम्हाला पत्र येऊन दहा वर्षं तरी झाली. हे पत्रही मी तुमच्या भावाला न सांगता लिहिते आहे. फोन केला असता, पण घर एवढंसं आहे की स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी त्यांच्या खोलीत ऐकू जातं.

ते आजारी आहेत. गालाच्या आतून गाठ आली आणि ती बाहेर फुटली. वर्षभर दवाखान्याचे खेटे झाले. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मोठी औषधं बंद केली, आता इथे यायची गरज नाही, घरीच सांभाळा म्हणाले. सकाळ-संध्याकाळ मी जखम धुते, पट्टी बदलते, बाकीचा दिवस कसा जातो ते कळत नाही.

पण पत्र त्यासाठी नाही. दादा, जखमेला वास येतो. उगीच आडवळणाने कशाला लिहू. समोरचे शिंपीकाका बघायला येतात ते दारातच स्टूल ओढून बसतात, नाकाला रुमाल लावून. चिमी आठ वर्षांची आहे. ती उंबऱ्यापर्यंत येते, बाबांना लांबून वही दाखवते आणि पळते. आणि तो वास सगळ्यांत जास्त येतो यांना स्वतःला. साबणाच्या कारखान्यात वीस वर्षं वास जुळवले त्या नाकाने, ते आता थोडंच झोपणार आहे? "माझंच नाक माझ्या मुळावर उठलंय," म्हणतात. मी बाजारातून गुलाबाच्या फवाऱ्याचा डबा आणला तर चिडले. म्हणाले, असल्या डब्यांची पोटं मीच भरलीत, हा गुलाब नव्हे. आणि मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, खिडकीखाली खरे गुलाब असते तर.

खिडकीखाली तीन हात रुंद आणि आठ-दहा हात लांब अशी मातीची पट्टी आहे, पलीकडे कुंपणाची भिंत. ऊन सकाळचं, दुपारपर्यंत. तिथे कुठले गुलाब लावू? वासाचे हवेत, वास खोलीत आला पाहिजे आणि लवकर फुलायला हवेत. तुमच्याखेरीज मी कुणाला विचारणार? तुमच्यात काय बिनसलं ते मला एकाच बाजूने माहीत आहे. आत्ता मला त्यात शिरायचं नाही.

तुमची
धाकटी


२० फेब्रुवारी

धाकटे,

आठ्या घातल्या, बरोबर ओळखलंस. मग तुझ्या थोरल्या जावेने पत्र हातातून ओढून वाचलं आणि माझ्याकडे असं काही बघितलं की आठ्या काढून ठेवाव्या लागल्या.

मोठी औषधं बंद केली, दवाखान्यात यायची गरज नाही म्हणाले, हे वाचून जिवात जीव आला. म्हणजे उतार पडला म्हणायचा. त्या औषधांनीच माणूस निम्मा होतो. जखम भरायला वेळ लागणार, झाडाची साल सोलवटली तरी धरायला वर्ष लागतं.

आता गुलाब. तू तहान लागल्यावर विहीर खणायला निघाली आहेस हे आधी सांगतो. गुलाब म्हणजे दिवा नव्हे, बटण दाबलं की लागला. पण बाई, प्रश्न तू चांगला विचारलास. वासाचा गुलाब म्हणून लोक गडद लाल, मखमली फूल घेऊन जातात. वास त्याला असतो, पण पाकळीत दडलेला. नाक खुपसावं लागतं. आजारी माणसाने खिडकीबाहेर वाकून हुंगायचं का? तुला हवा तो पांढरा, झुबक्यांचा, वेलासारखा चढणारा. फूल बघशील तर चार आण्यांचं, पण त्याचा वास केसरांतून सुटतो आणि वाऱ्यावर निघतो. झाड खिडकीखाली आणि वास पलंगापाशी. असली दोन रोपं पाठवतो.

तिसरं रोप आईच्या गुलाबी झाडाचं. त्याचा वास पाकळीतलाच, म्हणून फूल अर्धं उमललं की सकाळी, ऊन चढायच्या आत कापायचं आणि उशाशी ठेवायचं. नाक्याला (तुझ्या नवऱ्याला आम्ही घरात नाक्याच म्हणायचो, तुला सांगितलं नसेल) ते डोळे झाकून ओळखता येतं. लहानपणी वडील आमच्या दोघांचे डोळे बांधून नाकाखाली फुलं धरायचे. मी दहातली चार ओळखायचो. तो दहा ओळखायचा, वर सांगायचा की हे कालचं आहे.

तुला एका बाजूने जे माहीत आहे ते मलाही माहीत आहे. वडील गेल्यावर मी त्यांच्या वासाच्या ओळी उपटल्या आणि लांब दांडीची बिनवासाची फुलं लावली. गाडीत दोन दिवस वास टिकत नाही, फूल टिकतं. सुट्टीवर आलेला नाक्या म्हणाला, "दादा, तू मळ्यात मढी उभी केलीस," आणि बॅग उचलून गेला. त्या मढ्यांवर घर चाललं हे नाकाने कांदे सोलणाऱ्यांना दिसत नाही. आईचं झाड तेवढं मी पाण्याच्या टाकीमागे राखलं, दरवर्षी त्याची दोन कलमं बांधतो आणि कुणाला देत नाही. यंदाचं एक तुझ्याकडे येतंय.

दोन हात खोल खड्डा. निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत, मूठभर हाडांचा चुरा. कलमाचा सांधा जमिनीच्या दोन बोटं वर राहिला पाहिजे. सांध्याखालून फुटेल ते रानटी, ते काढून टाक. पाणी मुळाशी, पानांवर नाही.

रोपं कुणी दिली ते त्याला सांगू नकोस. नर्सरीतून आणली म्हण. जोम धरला की पुढच्या वर्षी मी बघायला येईन, तोवर तोही हिंडताफिरता झालेला असेल.

दादा


४ मार्च

ती. दादा,

रोपं सुखरूप पोचली. ओल्या गोणपाटात अशी गुंडाळली होती की सोडवताना मला तान्ह्या मुलाची आठवण झाली. खड्डे शिंपीकाकांनी आणि मी मिळून केले. काका माप घ्यायची टेप घेऊन आले होते, दोन हात म्हणजे नक्की किती यावरून आमची हुज्जत झाली.

पलंग खिडकीला लावून घेतला आहे. ते पडल्या पडल्या सगळं बघत होते. विचारलं, खड्डा एवढा खोल कुणी सांगितला? म्हटलं, नर्सरीवाल्याने. हाडांचा चुराही त्यानेच? म्हटलं, हो. "सांधा वर ठेवलास?" म्हटलं, दोन बोटं. मग म्हणाले, नर्सरीवाला बरा दिसतोय.

तब्येत आहे तशीच आहे. घास गिळवत नाही म्हणून दूध आणि गाळलेलं पाणीदार काहीतरी चमच्याने देते. परवा लग्नातला कोट उन्हात टाकायला काढला तर म्हणाले, आण इकडे, घालून बघतो. घातला आणि त्यात दुसरा माणूस मावला असता. चिमी हसली. तेही हसल्यासारखं करत होते. मी कोट घडी करून परत ठेवून दिला.

वास वाढला आहे. कोळशाच्या पिशव्या पलंगाखाली ठेवते, खिडकी उघडी ठेवते. रात्रीची झोपते मी त्याच खोलीत, सवय होते. चिमीला होत नाही, आणि तिच्यावर मी रागावते, आणि मग मलाच वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी याल असं तुम्ही लिहिलंत. पत्राचा तेवढा भाग मी दोनदा वाचला.

धाकटी


१३ मार्च

धाकटे,

कोट सैल झाला तर माणसाला खायला घाल, कोट आटवू नकोस. दुधात अंडं फेटून दे. लहानपणी त्याला अंड्याचा वास आवडायचा नाही, म्हणून नाक दाबून पाजायचो. आता नाक दाबायला कुणी नाही असं समजू नको म्हणावं. नाही, राहू दे. माझं नाव काढायचं नाही ना.

आता नीट वाच, हे महत्त्वाचं. रोपांना नवी तांबूस पालवी आली असेल. तिच्या टोकाला कळ्या धरतील. त्या पहिल्या बहराच्या कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की खुडायच्या. सगळ्या, एकही ठेवायची नाही. नवशिक्यांचा जीव तिथे तुटतो, आणि तिथेच रोप फसतं. मूळ धरायच्या आत रोपाने फूल काढलं की सगळी ताकद फुलात जाते आणि झाड जन्मभर किडकिडीत राहतं. खुडलीस की खालून चार फुटवे येतील, मुळं खोल जातील आणि पुढच्या वर्षी झाड असं लगडेल की खिडकी बंद करावी लागेल. वडील म्हणायचे, पहिला बहर मातीचा. आम्हाला उघडूच द्यायचे नाहीत. नाक्या रडायचा, मी खुडायचो.

पालवीवर मावा कीड पडली तर साबणाच्या पाण्याने धू. साबण तुमच्या घरात कमी नसावा.

पांढऱ्याला आत्तापासूनच तारेची जाळी बांधून ठेव. दोन वर्षांत तो खिडकीच्या वर जाईल.

दादा


३० मार्च

ती. दादा,

कळ्या आल्या. पांढऱ्याला झुबक्यांनी आणि आईंच्या गुलाबीला पाच. तुम्ही सांगितलं होतं म्हणून हात धजावला, नाहीतर माझ्याने झालं नसतं. रोज सकाळी पट्टी बदलून झाली की खाली उतरते आणि दिसेल ती कळी खुडते. दुसऱ्या दिवशी बघावं तर आणखी दोन धरलेल्या. जाळीही बांधून घेतली.

पहिल्या दिवशी त्यांनी खिडकीतून बघितलं. मी ओंजळीत घेऊन उभी होते, चोरी पकडल्यासारखी. म्हणाले, काय करतेस? म्हटलं, नर्सरीवाला म्हणाला पहिला बहर ठेवायचा नाही. त्यांनी हात पुढे केला. एक कळी घेतली, नखाने मधोमध चिरली, नाकाशी धरली. हिरवाच वास असणार, दुसरा कुठला येणार. आणि मग दादा, ते हसले. गाल फाटेल म्हणून मी घाबरले, पट्टीवर रक्तही आलं थोडं, पण हसू थांबेना. का हसले ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "खुड, खुड. नर्सरीवाल्याचं ऐक."

अंडं पोटात ठरलं नाही. आता बोललेलं इतरांना कळत नाही, मला कळतं. दुखण्याची गोळी तासातासाने मागतात, मी घड्याळाकडे बघून नाही म्हणते, आणि ते पुन्हा मागत नाहीत.

पुढच्या वर्षी ती झाडं खरंच खिडकीपर्यंत येतील का? खरं सांगा.

धाकटी


८ एप्रिल

धाकटे,

येतील म्हणजे काय, येणारच. मी लावतो ते झाड खोटं बोलत नाही.

हसला ना? माणूस हसायला लागला की निम्मं दुखणं गेलं. मी थोरलीला म्हटलं, नाक्या सुधारतोय. ती तोंड फिरवून आत गेली, तिला नाही ते मनात आणायची खोड आहे. सध्या फुलांच्या गाड्या रोज भरतात, मला मान वर करायला वेळ नाही. गर्दी ओसरली की बघू. कळ्यांचं मात्र ढिलं सोडू नकोस.

दादा


१४ एप्रिल

दादा,

अक्षर वाकडंतिकडं आहे, लावून घे. हे पत्र शिंपीकाकांच्या हाती देतोय, धाकटीला पत्ता नाही. या घरात सगळे एकमेकांना चोरून तुलाच पत्रं लिहितात असं दिसतं.

खड्ड्याच्या वेळी संशय आला होता, कळ्या खुडताना खात्री पटली. रोप विकणारा कधी कळ्या खुडा म्हणत नाही, त्याला फूल दाखवून दुसरं रोप गळ्यात मारायचं असतं. पहिला बहर खुडायला लावणारी माणसं मला दोनच माहीत आहेत, त्यातलं एक वारलं.

तुझी पत्रं ती डब्यांच्या फळीवर ठेवते. ती बाजारात गेली की काका मला काढून देतात. दादा, मी बरा झालो म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलं नाही. त्यांच्याजवळ करण्यासारखं उरलं नाही म्हणून पाठवलं. हे तुला कळलं नाही की कळून घ्यायचं नव्हतं, ते तुझं तू बघ. धाकटीनेही तुला खोडून काढलं नाही. पुढचं वर्ष या घरात फक्त तुझ्या पत्रात असतं. ती ते चुलीपाशी उभी राहून वाचते आणि मग तोंड धुऊन माझ्या खोलीत येते.

तुझ्याकडे एक काम आहे. ती रोज सकाळी येऊन कळ्या खुडते. मी आतून बघत असतो. परवा पांढऱ्याला खालच्या अंगाला एक झुबका धरला होता, पानाआड. मला वाटलं हा सुटला. काल तिला दिसला. मी ठेव म्हणू शकत नाही. म्हटलं तर मी दिवस मोजतोय हे तिला कळेल, आणि मग ती उभी राहायची नाही. तू सांग. तुझं ऐकते. कारण काहीही दे, तुझ्याकडे कारणांची कमी कधी नव्हती.

मढ्यांचं बोललो ते मागे घेत नाही, फुलांना वास नव्हताच. पण तू पोट भरत होतास आणि मी वास घेत बसलो होतो, हेही खरं. यायचं असेल तर फुलासाठी थांबू नकोस.

नाक्या


१८ एप्रिल

धाकटे,

आजपासून एकही कळी खुडायची नाही. चूक माझी झाली. पाठवलेली रोपं दोन वर्षांची आहेत, त्यांची मुळं केव्हाच तयार झाली, त्यांना खुडायची गरज नव्हती. नव्या रोपांचा नियम मी यांना लावला. असतील त्या सगळ्या कळ्या ठेव. पाणी रोज दे.

मी रविवारी येतो. गर्दी कमी झाली आहे.

दादा


२७ एप्रिल

धाकटे,

तुला तोंड दाखवायला जागा राहिली नाही, म्हणून लिहितो.

रोपं दोन वर्षांची नव्हती. तुला ते कळलं असेल. नाक्याने पत्र लिहून मला खरं सांगितलं होतं आणि त्याने सांगितलं म्हणून मी तुला खुडू नको म्हटलं. कळी धरल्यापासून उघडायला तीन-चार आठवडे लागतात, आणि तू त्या दिवसापर्यंत सगळ्या काढल्या होत्यास, माझं ऐकून. थोरली म्हणाली, फूल घेऊन जा. टाकीमागचं झाड मी फेब्रुवारीत बुंध्यापर्यंत छाटलं होतं, त्याला काही नव्हतं. मळ्यात फुलांचा खच होता. शनिवारी दुपारभर मी ओळींतून फिरलो, वेड्यासारखं एकेक फूल नाकाशी धरून बघितलं. एकालाही वास नव्हता. गडी माणसं बघत होती. शेवटी रिकाम्या हाताने निघालो.

आणि मग तुझ्या घरी जे झालं ते तू बघितलंस. तू पुढे होतीस, दार उघडलंस आणि तो वास अंगावर आला. तू पत्रात लिहिलं होतंस, तरी मला कल्पना नव्हती. माझा हात आपोआप खिशात गेला. मी रुमाल नाकाला लावला. क्षणभरच असेल, पण तो सरळ माझ्याकडे बघत होता. दहा वर्षांनी भाऊ दारात आला, तो नाक झाकून.

नंतर मी बसलो, खड्ड्याचं बोललो, खताचं बोललो, जाळी ढिली आहे म्हणालो. त्याच्याकडे बघवत नव्हतं. तो काहीतरी म्हणाला, मला कळलं नाही, आणि तुला विचारायचा धीर झाला नाही. सकाळी गाड्या भरायच्या आहेत असं सांगून निघालो. गाड्या बिड्या काही नव्हत्या.

मला त्या दारात परत उभं राहता येईल असं वाटत नाही. त्याला काय सांगायचं ते तू ठरव. त्याने काही म्हटलं असेल तर ते मला कळव, शिव्या असतील तर शिव्या कळव.

दादा


१७ जून

ती. दादा,

ते गेले त्या दिवशी तुम्ही आलात, पण माणसं होती, तुम्ही फाटकापाशी रोपांजवळ उभे राहिलात आणि तिथूनच परत गेलात. बोलणं झालं नाही. आज चिमी शाळेत गेली आहे, घर रिकामं आहे, म्हणून बसले.

तुम्ही विचारलं होतंत, काही म्हणाले का. म्हणाले होते. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मी रागाने पट्टी बांधत होते, तर त्यांनी माझं मनगट धरलं. तोंडातून शब्द नीट येत नव्हते, तरी दोनदा सांगितलं, मला नीट कळावं म्हणून. म्हणाले, "दादाचं नाक शाबूत आहे गं. मला वाटलं होतं, त्या बिनवासाच्या फुलांत राहून मेलं असेल." आणि हसले. पुन्हा रक्त आलं. मग म्हणाले, "त्याला कळव हे. नाहीतर झुरत बसेल."

मी कळवलं नाही. तुमचं पत्र आलं, तुम्ही शिव्या मागत होतात, तरीही कळवलं नाही. मला तुमचा राग आला होता. शिंपीकाकांनी रुमाल लावला तर चालेल, ते परके. तुमची मी वाट बघितली होती. आणि खरं सांगायचं तर रुमालापेक्षा कळ्यांचा राग जास्त होता. एवढ्या सकाळी मी माझ्या हातांनी खुडल्या. तुमच्या पत्रातलं पुढचं वर्ष मला हवं होतं म्हणून डॉक्टरांच्या बोलण्याचा तुम्ही लावलेला अर्थ मी खोडून काढला नाही, आणि त्याची किंमत त्यांनी दिली. स्वतःवर रागवायला बळ नव्हतं, म्हणून तुमच्यावर रागावले. त्यांनी रोज विचारलं, कळवलंस का? मी रोज हो म्हटलं.

दहा मेला पहाटे गेले. खिडकी उघडी होती. पांढऱ्याच्या कळ्या तेव्हा मिटलेल्याच होत्या, टोकाला नुसता पांढरा ठिपका दिसत होता. शेवटच्या दिवसांत ते तासन्‌तास तिकडे बघत. एकदा विचारलं, वास येतोय का गं? मी येतोय म्हटलं. ते नाही म्हणाले. त्यांना फसवणं कधीच जमलं नाही.

फुलं त्यानंतर आठवड्याने उघडली. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं, खुडल्यामुळे फुटवे फार आले आहेत आणि एकेका फुटव्याला झुबके. वास सगळ्या घरात येतो, स्वयंपाकघरातसुद्धा. पलंग काढून टाकला आहे. खोली दोनदा धुतली, आता तिथे कसलाच वास नाही. चिमी उंबरा ओलांडून आत जाते, खिडकीत बसून अभ्यास करते. परवा म्हणाली, आई, बाबांच्या खोलीत छान वास येतो. मी उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून ठेवला.

आईंच्या गुलाबीला एक फूल आलं होतं. तुम्ही सांगितलं होतं तसं अर्धं उमलल्यावर सकाळी कापलं. उशाशी ठेवायला उशी नव्हती, मग हातातच धरून बसले.

दादा, तुम्ही झुरत बसला असाल. बसू नका, असं ते म्हणाले होते, हे मी आज कळवते आहे. उशीर झाला.

गुलाबीला आणखी दोन कळ्या धरल्या आहेत, वाटाण्याएवढ्या. रोप अजून लहान आहे, तुमच्या नियमाने खुडायला हव्यात. खुडायच्या असतील तर तुम्ही या आणि तुमच्या हाताने खुडा. माझ्या हातून आता एकही खुडली जाणार नाही.

धाकटी